सव्वा महिन्यानंतर सुइतेनगूला

"इनु-नो-हि'ला कुठे जाणार?" ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, एखाद्या तपासणीचं नाव असेल. त्या दिवसांत तपासण्याच इतक्या चालल्या होत्या. त्यांनी फोनवर कॅलेंडर उघडून समजावलं. जपानी पंचांगात वर्षांसारखं दिवसांनाही बारा प्राण्यांचं चक्र आहे, त्यामुळे दर बारा दिवसांनी कुत्र्याचा दिवस, म्हणजे 'इनु-नो-हि', येतो. कुत्रीचं बाळंतपण सोपं होतं अशी समजूत. म्हणून पाचव्या महिन्यात अशा एका दिवशी देवळात जायचं, पोटाला बांधायचा पट्टा आणायचा आणि सुखरूप सुटकेसाठी हात जोडायचे. तोक्योत यासाठी सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते निहोनबाशी भागातल्या सुइतेनगूचं.

आम्ही राहतो तोक्योतल्याच निशी-कासाईला. आसपास मराठी घरं पुष्कळ आहेत, पण या वाटेने गेलेलं ओळखीत कुणी नव्हतं. आता बाळ अंगावर झोपलंय तेवढ्यात सगळं लिहून काढते, कारण गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींनी हेच विचारलं.

एक गोष्ट आधीच सांगते. इथे गरोदरपणाचा महिना चार आठवड्यांचा मोजतात, त्यामुळे पाचवा महिना म्हणजे १६ ते १९ आठवडे. आपल्या हिशेबाने पाचवा धरलात तर तारीख चुकेल. माझ्या त्या आठवड्यांत कुत्र्याचे दोनच दिवस बसत होते, १६ एप्रिल आणि २८ एप्रिल २०२४. २८ ला रविवार, वर गोल्डन वीकच्या सुट्ट्या. आम्ही मंगळवारची १६ तारीख धरली आणि अर्धा दिवस रजा टाकली.

निशी-कासाईहून तोझाई लाइनने कायाबाचो, तिथून हिबिया लाइनने एकच स्टेशन, निंग्योचो. माणशी २१० येनच्या आसपास. तिथून सात-आठ मिनिटं चालायचं. हानझोमोन लाइन सोयीची असेल तर सुइतेनगूमाए स्टेशन अगदी देवळाला लागून आहे. मी रस्ता मोठा असूनही निंग्योचोहूनच जा म्हणेन, कारण वाटेत जुन्या मिठायांची दुकानं आहेत आणि पोटुशा बाईला मध्येच बसावंसं वाटतंच.

रस्त्यावरून पायऱ्या चढून वर गेलं की अंगण लागतं. इमारत नवी दिसते, कारण ती २०१६ साली पुन्हा बांधली आहे, भूकंपाचे हादरे खालीच जिरावेत अशा पायावर. देऊळ मात्र जुनं. मूळ स्थान क्यूशू बेटावर कुरुमे इथे. १८१८ साली कुरुमेच्या आरिमा घराण्याच्या सरदाराने एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या आपल्या वाड्यात ही देवता आणली. वाडा खाजगी, पण लोकांची रीघ लागली, तेव्हा महिन्याच्या पाच तारखेला दार सगळ्यांसाठी उघडू लागलं. त्यावरून एदोकरांनी शब्दखेळ केला, 'नासाके आरिमा नो सुइतेनगू'. 'आरि' म्हणजे 'आहे', 'नासाके' म्हणजे दया, आणि त्यातच आरिमा हे आडनाव. १८७२ मध्ये देऊळ आताच्या जागी आलं.

आणि आत कोण आहे? हे वाचून मी पायरीवरच थांबले. आदिदेवता आमे-नो-मिनाकानुशी आहेत, पण त्यांच्याबरोबर पूजा होते ती आन्तोकु या बालसम्राटाची, त्याच्या आईची आणि त्याच्या आजीची. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत ताइरा घराणं हरलं, तेव्हा आजीने त्याला कुशीत घेऊन समुद्रात उडी घेतली. सहा-सात वर्षांचं पोर. आईही पाण्यात पडली, पण तिला शत्रूने बाहेर काढलं, ती पुढे संन्यासिनी होऊन जगली. दरबारातली एक बाई पळून कुरुमेच्या नदीकाठी पोचली आणि त्या तिघांच्या नावाने प्रार्थना करत राहिली. त्यातून हे देवस्थान झालं.

वर्षभरापूर्वी माझा एक गर्भ दहाव्या आठवड्यात गेला होता. बुडालेल्या लेकराच्या देवळात मी सुखरूप बाळंतपण मागायला आले आहे, या विचाराने हात गार पडले. तिथूनच आईला साताऱ्याला फोन लावला. भारतात तेव्हा सकाळचे सात वाजायचे होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, आपल्याकडे साती आसरा कुठे असतात? पाण्यातच ना? बाळंतिणीला विहिरीवर नेऊन त्यांनाच हळद-कुंकू वाहायला लावतात. ज्यांचं गेलं त्यांनाच राखायचं कळतं. जा आत."

मी गेले. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा वाकायचं. पेटीत पाच येनचं नाणं टाकतात, कारण 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंधही.

पट्ट्याला इथे 'मिसुझु-ओबी' म्हणतात. देवळाच्या घंटेची जुनी दोरी एका बाईने मागून नेली, पोटाला बांधली आणि ती सहज बाळंत झाली, अशी कथा आहे. म्हणून हे पांढरं सुती कापड. काउंटरवर नुसता पट्टा घेता येतो, प्रार्थनेची नोंदणी वेगळी. मी त्या दिवशी फक्त पट्टा घेतला. किमतीचा फलक समोरच असतो, विचारायला संकोच नको. अंगणात पितळी रंगाची कुत्री आणि पिल्लू आहे, भोवती पंचांगातल्या त्या बारा प्राण्यांचे गोल. आपल्या वर्षाच्या प्राण्यावर हात फिरवायचा. रांग होती, आमच्यापुढे वीसेक जोडपी, आणि कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. पट्टा बांधण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा. मला त्यांनी घट्ट बांधू नका म्हणून सांगितलं, मी तो बराच काळ उशाशीच ठेवला.

आईचा व्हिसा हे उन्हाळ्यातलं काम. इथून आमंत्रणपत्र, हमीपत्र, येण्याजाण्याचं वेळापत्रक, नवऱ्याचे पगाराचे आणि कराचे कागद असं पाकीट साताऱ्याला पाठवलं, ते घेऊन ती मुंबईला अर्ज करायला गेली. ९० दिवसांचा व्हिसा मिळाला. ती १ सप्टेंबरला उतरली, बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि खणाची एक कुंची. तारीख ठरवताना पुढच्या नव्वद दिवसांत काय काय बसवायचं ते आधी लिहून काढा, कारण प्रसूती लांबली तर आईचे दिवस कमी होतात.

१९ सप्टेंबरला, गुरुवारी, पहाटे मुलगी झाली. मागाहून पाहिलं तर तोही कुत्र्याचाच दिवस होता. खर्च सांगते. दवाखान्याचं बिल ६ लाख २० हजार येन झालं. सरकारी आरोग्य विम्यातून प्रसूतीचे ५ लाख परस्पर जमा होतात, वरचे आम्ही भरले. हा आकडा दवाखान्यागणिक बदलतो, आधीच लेखी मागून घ्या.

आता नावाची गोष्ट. इथे जन्माची नोंद वॉर्ड ऑफिसात १४ दिवसांत करावी लागते, जन्मदिवस धरून. म्हणजे आमची शेवटची तारीख २ ऑक्टोबर. आणि २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या! बाळ पितृपक्षात आलं होतं. आईचं म्हणणं, बारसं घटस्थापनेनंतरच. मग १ तारखेला नवरा एकटा वॉर्ड ऑफिसात गेला. दवाखान्याने भरून दिलेला जन्मदाखल्याचा अर्ज, दोघांची रेसिडेन्स कार्डं आणि बोशी तेच्यो, म्हणजे आई-बाळाची नोंदवही, एवढं लागलं. पाळण्यातल्या कानाआधी नाव आमच्या एदोगावा वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर सांगितलं गेलं. आईला आधी ते लागलं. मग तिनेच तोडगा काढला, "त्यांना कागदासाठी सांगितलंय, तिला अजून कुणी सांगितलेलं नाही." ६ तारखेला रविवारी बारसं झालं आणि मुलीच्या कानात तिचं नाव पहिल्यांदा तिच्या मावशीने सांगितलं, व्हिडिओ कॉलवरून.

अर्जावर नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहावं लागतं. आमच्या आडनावात 'ळ' आहे. जपानीत 'ल'ही नाही, 'ळ'ही नाही, एकच 'र'. एकदा ठरवलेले काताकाना पुढे सगळ्या कागदांवर तसेच चालवावे लागतात, म्हणून आधीच घरी मोठ्याने वाचून पाहा. बाळाच्या व्हिसासाठी इमिग्रेशनला ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. नवऱ्याने तो ९ ऑक्टोबरला केला, फी नाही, पण पूर्ण दिवस गेला. भारतीय दूतावासातली जन्मनोंद आणि पासपोर्ट आम्ही त्यानंतरसाठी ठेवले.

मग आली ओमियामाइरी, बाळाला पहिल्यांदा देवळात नेणं. रूढी अशी की मुलगा ३१-३२ व्या दिवशी, मुलगी ३२-३३ व्या. आमचा ३३ वा दिवस २१ ऑक्टोबरला पडत होता. आईने बोटांवर मोजलं आणि नाही म्हणाली. सव्वा महिना पुरा झाल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडणार नाही. मला खरं तर ताठर वाटलं तिचं ते. पण महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनीही आणखी आठवडाभर बेताने घ्या असंच सुचवलं, आणि ऑफिसातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हल्ली बरेच जण शंभराव्या दिवसापर्यंत कधीही जातात. तेव्हा ३३ च्या आकड्यासाठी अंगावरचे टाके ओढत जाऊ नका. देवळाचंही तसं काही बंधन नाही.

दिवस ठरवायला दोन कॅलेंडरं समोर आली. जपानी कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली शुभाशुभ छापलेलं असतं, त्यात सर्वांत चांगला 'ताइआन'. कालनिर्णयात २९ ऑक्टोबरला धनत्रयोदशी. जपानी कॅलेंडरात २९ ला ताइआन. मंगळवार, म्हणजे गर्दीही कमी. आम्ही मायलेकी गप्प झालो, नवऱ्याने रजा टाकली.

बाळाला कुणी घ्यायचं, हाही एक प्रश्न होता. इथे रीत अशी की वडिलांची आई नातवंडाला घेते. कारण ऐकून आई चकित झाली: बाळंतिणीला त्या काळात विटाळ धरत, म्हणून तिने देवापुढे बाळ घेऊन उभं राहायचं नाही. "म्हणजे यांच्यातही सोयर असतं," ती म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. नऊ महिने पोटात वाढवून शेवटी मीच विटाळ? मी तसं बोलूनही दाखवलं. ती थोड्या वेळाने म्हणाली, "मी घेईन ते तुझे हात भरून आलेत म्हणून, समजलीस?" माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हत्या, त्यांना फोनवर विचारलं, त्यांनी आनंदाने विहीणबाईंना सांगितलं. देवळात याबद्दल कुणी काहीही विचारत नाही. सुतकाचं मात्र पाहा. घरात कुणी गेलं असेल तर साधारण ५० दिवस शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात जात नाहीत, अडचण असेल तर आधी फोन करून विचारा.

देवळात द्यायच्या दक्षिणेला इथे 'हात्सुहोर्यो' म्हणतात, मूळ अर्थ पहिल्या कापणीच्या कणसांचं दान. साधारण पाच ते दहा हजार येन देतात, आम्ही दहा ठेवले. पाकीट शंभर येनच्या दुकानात ११० ला मिळतं. लाल-पांढऱ्या दोऱ्याची गाठ फुलपाखरी असलेलंच घ्या, म्हणजे पुन्हा पुन्हा सुटणारी-बांधता येणारी. लग्नाची आणि आजारपणाची गाठ वेगळी असते, ती इथे चालत नाही. वर देणाऱ्याच्या जागी बाळाचं नाव येतं. नोट कोरी हवी. जुलैत नवी नोट निघालेली, नवरा बँकेतून घेऊन आला. आईला मात्र नुसते दहा हजार पटेनात, वर एक हवाच. आहेराचं पाकीट रुपयाशिवाय द्यायचं नाही ही तिची जन्माची सवय. पाकिटात नाणं घालायची इथे रीत नाही म्हणून तिला पाच येनचं नाणं दिलं, पेटीत टाकायला.

बाळावर पांघरायचा रेशमी किमोनो, 'इवाइगी', भाड्याने मिळतो. आम्ही दोन ठिकाणी विचारलं, सात-आठ हजारांच्या खाली नव्हता. शेवटी खणाची कुंचीच घातली.

२९ ला सकाळी साडेनऊला टॅक्सी बोलावली, सुमारे ४ हजार येन झाले. येताना मेट्रोने आलो. टॅक्सीत तान्ह्या बाळाला बेबी सीटची सक्ती नाही, पण आम्ही आमची नेली. बाबागाडी घरी ठेवली, पायऱ्या आहेत.

प्रार्थनेच्या काउंटरवर अर्ज भरायचा: पत्ता, आई-वडिलांची नावं, बाळाचं नाव, जन्मतारीख, आणि प्रत्येक नावावर त्याचा उच्चार 'काना' या जपानी लिपीत. पत्त्याचे कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, पाठ नसतील तर रेसिडेन्स कार्डाचा फोटो जवळ ठेवा. काउंटरवरच्या मुलीने आमचं आडनाव वाचलं, अडखळली, आणि उठून बाहेर येऊन मला विचारलं, नेमकं कसं म्हणायचं? मी तीनदा म्हणून दाखवलं. तिने पेन्सिलीने बाजूला काहीतरी खूण केली.

चाळीस मिनिटं थांबलो. शिचि-गो-सानचे दिवस जवळ आले होते, तीन-पाच-सात वर्षांची मुलं किमोनोत मिरवत होती. दूध पाजायची वेळ निघण्याआधी साधली होती ते बरं झालं. आई नारायणपेठीत, कुशीत कुंचीतलं बाळ. दोन जपानी आज्या तिच्याजवळ आल्या, कुंचीच्या काठाला हात लावून पाहिलं, खणाच्या त्या खळ्यांवरून बोट फिरवलं. भाषा एकीलाही येत नव्हती. आईने मराठीत सांगितलं, त्यांनी जपानीत विचारलं, आणि पाच मिनिटं तिघी बोलत राहिल्या.

आत आमच्याबरोबर आणखी पाच कुटुंबं होती. फोटो काढता येत नाहीत. ढोल वाजला, पुजाऱ्याने पांढऱ्या कागदी पट्ट्यांचा झुबका डोक्यांवरून फिरवला, सगळ्यांनी मान लववली. मग 'नोरितो', म्हणजे प्रार्थनेचं वाचन. जुनी जपानी, मला एक शब्द कळेना, आणि अचानक ओळखीचं ऐकू आलं: आमचा पत्ता. एदोगावा-कु, निशी-कासाई, घर क्रमांकासकट. पूजेच्या संकल्पात गुरुजी नदीचा काठ, गाव, गोत्र सांगतात ना, तसंच. देवाला कळायला हवं, कुठली माणसं आली आहेत. मग नवऱ्याचं नाव, माझं नाव, आणि मग बाळाचं. आडनावातला तो त्यांचा 'र' जिभेने वर टेकून आला आणि जवळजवळ 'ळ' झाला. आईने माझ्याकडे पाहिलं. मला रडू आलं, आवरलं नाही. शेजारची एक बाईही डोळे पुसत होती, तिचं नाव नुकतंच वाचून झालं होतं.

सगळं मिळून वीस मिनिटं. बाहेर पडताना पिशवी मिळाली, त्यात ओफुदा, म्हणजे घरात ठेवायची देवाच्या नावाची पट्टी, आणि बाळाची ओमामोरी, म्हणजे ताईत. अंगणात बेनझाइतेनचंही छोटं देऊळ आहे. ही आपली सरस्वती, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे इथे आलेली. मी हे सांगितल्यावर आईने चपला नीट केल्या आणि तिथे आपल्या पद्धतीने, टाळ्या न वाजवता, हात जोडले. पाच येनचं नाणं तिने तिथेच टाकलं.

एप्रिलमधला पट्टा मी परत करायला बरोबर नेला होता. बाळंतपण झाल्यावर जुन्या गोष्टी देवळात आणून देतात, असं ऐकलं होतं. त्या पट्ट्याचाही किस्सा आहे. आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "पोट बांधायचं ते बाळंतपणानंतर, आधी कशाला?" आणि मी दवाखान्यातून घरी आल्यावर तेल-मालिश झालं की रोज तिने मला त्याच पट्ट्याने बांधलं, जुन्या लुगड्याऐवजी. धुऊन धुऊन तो मऊ झाला होता. काउंटरवर विचारलं तर मुलगी म्हणाली, हवं तर ठेवा, पुष्कळ जण त्याचे बाळाला कपडे शिवतात.

आई २७ नोव्हेंबरला गेली. जायच्या आधी तिने हातानेच त्याची दोन झबली शिवली. एक इथे कपाटात आहे. दुसरं तिने घडी करून कुंचीबरोबर स्वतःच्या बॅगेत घातलं.